‘तिथे अजून अपघात झालेला नाही’

प्रश्न : नमस्कार ताई, आमच्या गल्लीच्या टोकाला शाळा आहे आणि शाळा भरायच्या वेळी जी झुंबड उडते ती काय सांगू, डबल पार्क केलेल्या गाड्या, फुटपाथवरून येणाऱ्या टू-व्हीलर, आणि या सगळ्यातून वाट काढत चालत नि सायकलवर येणारी पोरं. मागच्या महिन्यात शेजारची दुसरीतली मुलगी उभ्या व्हॅनच्या मागून रस्त्यावर आली आणि एक कार तिच्या दप्तराला घासून गेली, पट्टा तुटला, पोरगी वाचली. आम्ही नऊ घरांनी मिळून अर्ज दिला तर उत्तर आलं, ‘सदर ठिकाणी अपघाताची नोंद नाही.’ आता काहीजण म्हणतायत दोन स्पीडब्रेकर मागून घेऊ आणि विषय मिटवू, दुकानदार म्हणतायत पार्किंग काढलं तर विरोध करू. सुरुवात कुठून करायची? – एक शेजारीण

उत्तर : तो तुटलेला पट्टा वाचून माझ्या पोटात गोळा आला. आधी त्या पट्ट्याचा फोटो काढून ठेवा, तारीख वेळ टाकून, कारण ‘नोंद नाही’ याचा अर्थ धोका नाही असा होत नाही, कुणी नोंदच केली नाही एवढाच होतो. आणि बऱ्याच रस्त्यांवर अपघात होत नाहीत कारण आईबापांनी घाबरून पोरांना चालत पाठवणंच बंद केलेलं असतं. म्हणून एक वही घाला, थोडक्यात वाचलेला प्रत्येक प्रसंग त्यात लिहा, आणि शाळेतल्या पालकांना विचारा की रस्ता सुरक्षित असता तर मुलाला चालत किंवा सायकलवर पाठवलं असतं का. तो आकडा अर्जाला जोडा.

दुसरं म्हणजे वेग मोजा, याला मशीन लागत नाही. मी स्वतः खडूने केलंय. रस्त्याच्या कडेला टेपने ५० मीटर मोजून दोन खुणा करायच्या आणि मोबाइलचं स्टॉपवॉच लावायचं. गाडीला ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३० किलोमीटर, साडेचार सेकंद लागले तर ४०, आणि ३.६ सेकंदात पार झाली तर ५०. शाळा भरायच्या नि सुटायच्या वेळी गर्दीमुळे गाड्या हळू असतात, त्यामुळे गर्दीच्या थोडं आधी आणि नंतरही मोजा, उशीर झालेली पोरं तेव्हाच धावत येतात.

शाळेजवळ वेग ताशी ३० च्या वर नको, यावर मी एवढी का अडून बसते ते सांगते. ३० च्या वेगात ड्रायव्हरला मूल दिसल्यापासून गाडी थांबेपर्यंत कोरड्या रस्त्यावर साधारण १३ मीटर लागतात, ५० ला जवळपास २८. म्हणजे जिथे ३० वाली गाडी उभी राहिलेली असते तिथे ५० वाल्या ड्रायव्हरचा पाय जेमतेम ब्रेकवर पोचत असतो, आणि धक्क्याची ताकद वेगाच्या वर्गाने वाढते, ५० ला ती ३० च्या पावणेतीन पट. फेब्रुवारी २०२० मध्ये रस्ते सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेत निघालेल्या स्टॉकहोम जाहीरनाम्यातही हेच म्हटलंय की जिथे पायी चालणारे, सायकलवाले आणि गाड्या नेहमी एकत्र येतात तिथे कमाल वेग ३० ठेवा. अर्जात हे लिहा, मग ती नुसती तुमची मागणी राहत नाही.

पण ताशी ३० चा नुसता बोर्ड लावून वेग कमी होत नाही हो, रस्त्याची रचनाच तशी लागते. तुमच्या प्रसंगात मुलगी व्हॅनमागून आली, म्हणजे खरं दुखणं तिथे आहे. एकदा त्या कोपऱ्यावर उकिडव्या बसा, दुसरीतल्या पोरीच्या डोळ्यांच्या उंचीवर या. मी बसले तेव्हा मला रस्ता दिसलाच नाही, समोर फक्त एक हेडलाइट आणि चाक! तसाच फोटो काढा, दहा पानी अर्जापेक्षा तो जास्त बोलतो. मग मागणी नेमकी करा : क्रॉसिंगच्या दोन्ही बाजूंना काही मीटर एकही गाडी उभी राहता कामा नये, आणि तिथे फुटपाथ थोडा पुढे काढायचा, म्हणजे कुणी पार्क करूच शकत नाही आणि मुलांना कमी अंतर ओलांडावं लागतं. स्पीडब्रेकरपेक्षा फुटपाथच्या लेव्हलला उचललेलं क्रॉसिंग मागा. नुसता उंच अरुंद उंचवटा केला तर सायकलवरची पोरं पडतात आणि टू-व्हीलरवाले कडेच्या फटीतून निघतात, जिथे नेमकी मुलं चालत असतात.

दुकानदारांशी भांडू नका, त्यांचीही पोटापाण्याची काळजी आहे. त्यांच्याच दारात एक दिवस बसून गिऱ्हाईक कसं येतं ते मिळून मोजा, चालत किती, गाडीने किती. आणि कायमचं काही मागण्याआधी महिन्याभराची ट्रायल मागा, रंग मारून, ट्रॅफिकचे प्लास्टिकचे कोन आणि कुंड्या ठेवून, नाही जमलं तर उचलता येतं म्हटल्यावर विरोधाची धार कमी होते. शाळा भरताना आणि सुटताना अर्धा-पाऊण तास रस्ता गाड्यांना बंद, रहिवासी आणि अँब्युलन्स सोडून, हाही एक मार्ग आहे, इटलीतल्या बोल्झानोमध्ये हे कित्येक वर्षांपासून चालतं.

आणि एक अवघड गोष्ट. त्या झुंबडीतल्या बऱ्याचशा गाड्या पालकांच्याच असतात. तुमच्या नऊ घरांपैकी कुणी गेटपर्यंत गाडी नेत असेल तर ते आधी थांबवा, थोडं लांब सोडा आणि पोरांना चालू द्या, नाहीतर पहिल्याच मीटिंगला हे तोंडावर फेकलं जाईल आणि उत्तर नसेल.

नऊ घरं म्हणजे कमी वाटतंय ना? नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांवर माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा आईबाप आणि शेजारीपाजारी रस्त्यावर उतरले, चळवळीचं नावच होतं ‘स्टॉप दे किंडरमोर्द’, म्हणजे मुलांच्या हत्या थांबवा. आपापल्या गल्ल्या बंद करून त्यांनी पोरांना खेळायला दिल्या. तिथले सायकलचे रस्ते आज सगळे कौतुकाने बघतात, पण ते आपोआप झालेले नाहीत, असे मागून मिळवलेत.

प्रश्न : मुलगा नऊ वर्षांचा आहे, सायकलनेच शाळेत जायचं म्हणतो. रस्ता सुधारेपर्यंत थांबवू का? – एक बाबा

उत्तर : एकट्याला नका पाठवू, पण थांबवूही नका. या वयात येणाऱ्या गाडीच्या वेगाचा अंदाज नीट येत नाही, त्यात त्याची काही चूक नाही. चार-पाच घरांनी मिळून ग्रुप करा, पुढे एक मोठं माणूस, मागे एक, वेळ आणि थांबे ठरलेले. बार्सिलोनात २०२१ पासून ‘बिसिबुस’ नावाने अशाच सायकलींच्या रांगा शाळेत जातात. त्याला एक गोष्ट मात्र घोटवून घ्या : वळणाऱ्या ट्रकच्या किंवा बसच्या आतल्या बाजूला कधीच घुसायचं नाही, ड्रायव्हरला तू तिथे दिसत नाहीस. उभ्या ट्रकच्या सीटवर बसवून आरसा दाखवता आला तर दाखवाच, आणि तुम्ही तेव्हा त्याची सायकल धरून आतल्या बाजूला उभे राहा.