दुसरीत कमी ऐकू येणारी एक मुलगी आहे. इंग्रजी गोष्ट सांगताना तिला कसं सामावून घेऊ?

तिच्यासाठी वेगळी सोपी गोष्ट शोधू नका. सगळ्या वर्गाची गोष्टच डोळ्यांनाही कळेल अशी सांगा. मी प्राथमिकला शिकवते, आणि ओठ वाचण्यावर फार भिस्त ठेवू नये हे तिथेच उमगलं: पॅट, बॅट, मॅट हे तिन्ही शब्द ओठांवर अगदी सारखे दिसतात. म्हणून 'बॅट' म्हणताना बॅट हातात धरा. खिडकीकडे पाठ करून उभं राहू नका, चेहरा काळोखात जातो. फळ्याकडे तोंड करून बोलणंही टाळा. श्रवणयंत्र असलं तरी तिला जवळच बसवा, कारण यंत्र गोंगाटही वाढवतं. परत परत येणारं एक वाक्य असलेली गोष्ट निवडा आणि त्याला ठरलेली खूण द्या. 'रन, रन!' म्हणत सगळा वर्ग हात हलवतो तेव्हा तीही सगळ्यांबरोबर असते, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी-इंग्रजी चित्रकथा मोफत मिळतात. मात्र तिला जवळजवळ ऐकूच येत नसेल तर एवढ्याने भागणार नाही; भारतीय सांकेतिक भाषा येणारे विशेष शिक्षक लागतील. शिक्षण विभागाच्या तालुक्यातल्या गटसाधन केंद्रात आजच चौकशी करा.