वाचकांचे प्रश्न : भजनाच्या ध्वनिमुद्रणात किती दुरुस्ती करावी?

प्रश्न : पंचवटीतल्या आमच्या भजनी मंडळाने चार अभंग घरीच रेकॉर्ड केले. प्रत्येक वाद्य वेगळं, क्लिकवर (कानात वाजणाऱ्या एकसारख्या ठोक्यावर) घेतलं, गळ्याला ऑटोट्यून (सूर आपोआप दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) लावलं, टाळ मात्रेवर बसवले. चूक एकही नाही, पण ऐकवत नाही. असं का?

उत्तर : कारण चुकीसोबत गाणंही पुसलं गेलं. ऑटोट्यून सप्तकाचे बारा समान भाग धरतं. तानपुऱ्याशी जुळलेला शुद्ध गंधार मात्र पेटीच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट उतरलेला असतो (शंभर सेंट म्हणजे एक अर्धस्वर). खरा लागलेला स्वर ते बेसूर समजून चढवतं आणि मींडेच्या (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाण्याच्या) पायऱ्या करतं. टाळांचंही तेच. दहा जोड्या एकमेकींच्या किंचित मागेपुढे पडतात म्हणून मेळा भरदार वाटतो. सगळ्या एका रेषेत ओढल्या की एकच जोडी वाजल्यासारखं होतं.

क्लिक बंद करा आणि सगळे एकत्र बसून गा. मिनिटाला ८० मात्रांवर सुरू झालेला अभंग गजरात ८८-९० वर गेला तर तो दोष नाही, गजर तसाच चढतो. एकाच ओळीत लय पळाली तर मात्र ती खरी चूक. त्यावर उपाय परत गाणं हाच. माइक गायकापासून एक वीतभर, टाळकरी आठ-दहा फूट मागे, पखवाज मध्ये. रेकॉर्डिंगची पातळी मीटरवर उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान ठेवा, शून्याच्या वर आवाज फाटतो. फाटलेला आवाज नंतर सांधता येत नाही.

इथे एक सांगायलाच हवं. नैसर्गिकपणाच्या नावाखाली हयगय खपवू नका. पेटीचा सूर हलत नाही, म्हणून पखवाजच तिच्याशी मिळवावा लागतो. नाशिकच्या पावसाळी दमट हवेत पुडी (पखवाजाचं चामडं) सैल होऊन सूर उतरतो, तर डाव्या पुडीवर लावलेली कणीक वाळली की त्या बाजूचा आवाज चढतो. म्हणून प्रत्येक अभंगाआधी दोन्ही बाजू तपासा, कणीक ओलसर करा. पंखा आणि फ्रिज बंद ठेवा.

मग प्रत्येक अभंग तीनदा गा आणि त्यातला एक सलग निवडा. तुकडे जोडू नका. जोडलेल्या ओळींत शब्दामागचा जोर बदलतो, आणि अभंगात तो लगेच कळतो.

प्रश्न : गाताना घेतलेला श्वास कापून टाकावा का? (सिन्नर)

उत्तर : नको. श्वास पूर्ण काढला की खोलीचा आवाजही त्या क्षणी तुटतो आणि ओळींमध्ये भोक पडतं. फार मोठा असेल तर तेवढाच ४ ते ६ डेसिबलने उतरवा. ‘प’, ‘भ’ वर होणारा फट् आवाज हा वेगळा दोष आहे. माइक तोंडासमोरून थोडा बाजूला, तिरका धरला की तो जातो.