नागपुरात शास्त्रीय संगीताच्या मैफली कुठे होतात, आणि त्यांचा आधी पत्ता कसा लागतो?

नोकरीसाठी पुण्याहून मिहानला, नागपूरच्या विमानतळाजवळच्या उद्योगवसाहतीत आलात, दर डिसेंबरात पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाला बसायची सवय, आणि इथे काहीच होत नाही असं तुम्ही लिहिलंय. होतं हो, बरंच होतं. फक्त सगळं एकाच मंडपात मिळत नाही, वर्षभर थोडं थोडं वेचावं लागतं.

पहिल्यांदा डॉ. वसंतराव देशपांडे स्मृती समारोह धरा. वसंतराव जन्माने मूर्तिजापूरचे, पण गाण्याचे धडे त्यांनी गिरवले ते नागपुरात, शंकरराव सप्र्यांकडे. ३० जुलै १९८३ला ते गेले. त्या तिथीच्या आगेमागे, सिव्हिल लाइन्सला त्यांच्याच नावाच्या सभागृहात हा समारोह होतो. भरवतं दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र. १९८६ साली स्थापन झालेल्या या केंद्राचं मुख्यालय नागपुरातच आहे आणि त्यांच्या कार्यक्रमांना बहुधा तिकीट नसतं. म्हणूनच वेळेवर पोचलात तर मागची खुर्ची मिळेल, अर्धा तास आधी गेलात तर गवयाचा चेहरा दिसेल.

हिवाळ्यात मोठी नावं येतात. खासदार महोत्सवात हजारोंची गर्दी असते, पण तिथे सगळ्याच प्रकारचे कार्यक्रम. निव्वळ ख्याल, म्हणजे रागदारी गाणं, ऐकायला म्हणून मी जाणार नाही. कालिदासाने मेघदूत जवळच्या रामटेकला लिहिलं असं मानतात, म्हणून त्याच्या नावाचा महोत्सव इथला खास, मात्र त्याचे महिने पुढेमागे सरकतात. जाहिरात छापून आल्याशिवाय रजा टाकू नका. उघड्यावरच्या मैफलीला जाताना शाल घ्या. दव पडायला लागलं की तबल्याची पुडी, म्हणजे वरचं कातडं, सुरातून उतरते, मग दर दोन चिजांमध्ये, म्हणजे बंदिशींमध्ये, हातोडीची ठकठक आणि गायक तंबोऱ्याला कान लावून बसलेला. ज्यांना याचा कंटाळा येतो त्यांनी सभागृहातच ऐकावं. मला तो स्वर जुळतानाचा वेळ आवडतो.

आता माझं खरं मत. नागपुरात गाणं ऐकायचं तर छोट्या बैठकांना जा. लक्ष्मीनगरचं सायंटिफिक सभागृह, शंकरनगरचं साई सभागृह, नाहीतर एखाद्या संगीत विद्यालयाची गुरुपौर्णिमा. २१ ऑगस्टला विष्णु दिगंबर पलुस्करांची पुण्यतिथी असते, त्या सुमारासही कुठे ना कुठे विद्यार्थी गातातच. सुरुवातीची पोरं घाबरत भूप, दुर्गा असे सोपे राग उरकतात, पण शेवटी गुरुजी स्वतः बसतात आणि समोर जेमतेम पन्नास माणसं. संथ लयीतला बडा ख्याल तिथे सावकाश उलगडतो, कारण घड्याळ दाखवायला कोणी निवेदक उभा नसतो.

घड्याळाची अडचण मोठ्या समारोहात फार, कारण प्रत्येक रागाची गायची वेळ ठरलेली. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद, त्यामुळे संध्याकाळी तुमच्या वाट्याला यमन, पुरिया धनाश्री, मारुबिहाग आणि फार तर बागेश्री. रात्री उशिराचा दरबारी येतो तो घाईत. ललत, भटियार हे पहाटेचे राग ऐकायचे तर दिवाळी पहाट गाठावी, पण त्यातही आधी विचारून घ्या: बऱ्याच पहाटा म्हणजे भावगीतं आणि फराळ.

पत्ता लागण्यासाठी स्थानिक दैनिकातलं ‘आजचे कार्यक्रम’ हे छोटं सदर रोज बघा. त्याहून चांगला उपाय म्हणजे मध्यंतरात चहा घेताना शेजारच्या काकांना विचारा, ‘पुढचं कधी?’ तबला शिकवणाऱ्या कोणाच्या तरी व्हॉट्सअॅप ग्रुपात ते तुम्हाला टाकून देतील. निमंत्रणं तिथेच फिरतात.

आणि मिहानकडे परतायचं तर खापरीच्या शेवटच्या मेट्रोची वेळ आधी बघून ठेवा. झिरो माइलहून गाडी सरळ मिळते, पण मैफलीच्या शेवटी गातात त्या भैरवीपर्यंत थांबलात तर ती सुटलेली असू शकते. निघायचंच असेल तर टाळ्यांमध्ये निघा, संथ विलंबित चालू असताना नको.