रिंग बसवली म्हणजे चष्मा सुटेल का?

मागच्या लेखात केराटोकोनस या डोळ्याच्या आजाराबद्दल लिहिताना ‘डोळ्यात बसवायची रिंग’ एवढा ओझरता उल्लेख केला होता. बहुतेक पत्रं त्या तीन शब्दांवरच आली. त्यातली काही इथे घेतो.

माझा मुलगा १९ वर्षांचा आहे. दोन वर्षांत चार वेळा नंबर बदलला. डॉक्टर म्हणाले, डोळ्याचा पडदा पातळ झालाय, रिंग बसवू. मग चष्मा जाईल ना? (एक आई, दिंडोरी)

ताई, आधी पडद्याचं बघू. पडदा म्हणजे डोळ्याच्या आत, पार मागे असलेला रेटिना. या आजारात त्याला काही होत नाही. पातळ होते ती पुढची काच, म्हणजे कॉर्निया. शाळेच्या पुस्तकातलं पारपटल. निरोगी डोळ्यात ती मधोमध साधारण ५४० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून जराशी जास्त जाड असते. केराटोकोनसमध्ये ती एका जागी, बहुधा मध्याच्या थोडी खाली, विरत जाते आणि शंकूसारखी पुढे येते. काचेला असा वाकडा बाक आला की चष्म्याने तो पुरता भरून निघत नाही. सिलिंडरचा नंबर वाढत राहतो आणि नवा चष्मा घालूनही अक्षरांना शेपट्या दिसतात.

रिंग म्हणजे पूर्ण कडं नव्हे, तर कमानीसारखे एक किंवा दोन तुकडे. ते पीएमएमए नावाच्या प्लास्टिकचे असतात. हॅरोल्ड रिडली यांनी १९४९ साली मोतीबिंदूनंतर डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, ती याच प्लास्टिकची. कॉर्नियाच्या जाडीत, साधारण ७० ते ८० टक्के खोलीवर, लेझरने किंवा हत्याराने अरुंद बोगदा करतात आणि त्यात हे तुकडे सरकवतात. सतरंजी मधे फुगलेली असेल तर तिच्या कडेखाली काठी सरकवून बघा. कापड तेवढंच राहतं, पण कडेला उंचवटा आला की मधला फुगा ओढला जाऊन बसतो. रिंग हेच करते. गंमत म्हणजे या रिंगा मुळात साध्या मायनस नंबरसाठी निघाल्या होत्या. केराटोकोनससाठी त्या वापरून पाहिल्या फ्रान्समधल्या जोसेफ कोलँ यांनी, १९९७ मध्ये.

आता तुमचा खरा प्रश्न. चष्मा बहुतेकांचा सुटत नाही. बाक कमी होतो, नंबर थोडाफार उतरतो, आणि आधी डोळ्यावर न टिकणारी कॉन्टॅक्ट लेन्स नीट बसू लागते. चष्मा लावून आधी तक्त्यावरच्या तीन ओळी वाचणारा मुलगा पाच ओळी वाचू लागला, तर मी ती शस्त्रक्रिया यशस्वी धरतो. घरच्यांना मात्र वाटतं, एवढं करून चष्मा आहेच की! म्हणून हे आधी सांगितलेलं बरं.

शिवाय १९ व्या वर्षी मी रिंगेआधी दुसरं विचारेन: आजार अजून वाढतोय का? नंबर ज्या वेगाने बदललाय त्यावरून तसं दिसतंय. रिंग आकार सुधारते, पण आजार थांबवेल असा भरवसा तिच्यावर ठेवता येत नाही. थांबवण्यासाठी क्रॉसलिंकिंग असतं. आपल्याकडे सगळे त्याला सी-थ्री-आर म्हणतात. रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे थेंब कॉर्नियात मुरवायचे आणि वर अतिनील किरण सोडायचे. मूळ पद्धतीत ३० मिनिटं. त्याने कॉर्नियातले तंतू एकमेकांना घट्ट बांधले जातात. नेहमीच्या पद्धतीसाठी काच निदान ४०० मायक्रॉन जाड लागते, म्हणून उशीर परवडत नाही. दोन्ही उपाय एकाच बैठकीत करायचे की काही अंतराने, हे सर्जन पेंटाकॅम, म्हणजे काचेचा आकार आणि जाडी दाखवणारा नकाशा, बघून ठरवतील. पण ‘सी-थ्री-आर कधी करणार?’ हे तुम्ही विचारल्याशिवाय उठू नका.

वय ३४, सातपूरला कंपनीत मशीनवर आहे. रिंग आत टोचत राहील का? पुढे एमआरआय काढायची वेळ आली तर?

बोगद्याची जखम भरून आल्यावर रिंग जाणवत नाही. पापणीखाली नव्हे, काचेच्या जाडीत असते ती. प्लास्टिकची असल्यामुळे एमआरआयला अडचण नाही आणि ती गंजतही नाही. समोरच्याने अगदी जवळून, तिरप्या उजेडात पाहिलं तर बुबुळावर पुसटशी कमान दिसू शकते, इतकंच.

त्रास होतो तो रात्री. अंधारात बाहुली मोठी होते, रिंगेच्या कडेवरून प्रकाश फाकतो आणि दिव्यांभोवती वलयं दिसतात. पुष्कळांना काही महिन्यांत सवय होते, काहींना होत नाही. तुम्ही रात्रपाळी करून दुचाकीवर घरी जात असाल, किंवा रात्री कसारा घाटातून गाडी हाकत असाल, तर हे शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना सांगा. फारच त्रास झाला तर रिंग काढता येते किंवा बदलता येते. तिची ही बाजू मला सर्वांत आवडते.

धोके सांगायचे तर जंतुसंसर्ग, रिंग जागेवरून सरकणं आणि वरची काच विरून रिंगेचं टोक बाहेर डोकावणं. डोळा लाल झाला, दुखू लागला, पाणी गळू लागलं तर ‘सोमवारी सुट्टी आहे, तेव्हा दाखवू’ असं करू नका. त्याच दिवशी जा.

मला लेझरने नंबर काढायचा होता. तपासणीत केराटोकोनसची सुरुवात निघाली आणि नकार मिळाला. दुसरीकडे विचारू का? (सिन्नर)

नका विचारू. लॅसिकमध्ये काच तासतात. तुमची आधीच पातळ होत चालली आहे. नकार देणाऱ्याने तुमचा डोळा वाचवला.

मी येवल्याला पैठणी विणतो. वय ४१. सेमीसॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स आता सहन होत नाही. माणसाच्या डोळ्यापासून केलेली रिंग असते असं ऐकलं. मेलेल्या माणसाचा डोळा बसवतात का? ती प्लास्टिकपेक्षा चांगली का?

दादा, अख्खा डोळा कुणीच बसवत नाही. नेत्रदानातून मिळालेल्या कॉर्नियाची बारीक चकती काढून तिच्या कमानी कापतात आणि प्लास्टिकच्या जागी त्या बोगद्यात सरकवतात. या पद्धतीला केअर्स म्हणतात. ती चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांची. २०१८ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. प्लास्टिक वर आलं तर काच झिजवतं, म्हणून ते खोल ठेवावं लागतं. मानवी ऊतक कमी खोलीवरही ठेवता येतं, त्यामुळे पातळ कॉर्नियातही वाव राहतो. शरीराने ते नाकारण्याची भीती पूर्ण कॉर्निया प्रत्यारोपणापेक्षा खूपच कमी. मात्र प्लास्टिकच्या रिंगांमागे पंचवीसहून अधिक वर्षांचा अनुभव आहे, याच्यामागे तेवढा नाही. म्हणून ‘चांगली कोणती’ याला सरसकट उत्तर नाही.

तुमच्या कामात धाग्यावर धागा दिसायला हवा, तेव्हा एक पर्याय आधी आजमावा: स्क्लेरल लेन्स. ती आकाराने मोठी असते, पांढऱ्या भागावर टेकते आणि शंकूला शिवतही नाही. सेमीसॉफ्ट न सोसणाऱ्या अनेकांना ती सोसते. काचेवर मधोमध पांढरा डाग पडला असेल, तर मात्र ना रिंग कामाची ना लेन्स. तिथे डाल्क करावं लागतं, म्हणजे आतला निरोगी थर तसाच ठेवून वरचे थर बदलायचे.

जाता जाता, केअर्ससाठी असे कॉर्नियाही चालतात ज्यांच्या आतल्या पेशी कमी झाल्यामुळे ते पूर्ण प्रत्यारोपणाला उपयोगी पडत नाहीत. घरी कुणी गेलं तर पंखा बंद करा, पापण्या मिटून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि लगेच नेत्रपेढीला फोन करा. हातात साधारण सहा तास असतात.

द्राक्षबाग आहे, निफाड तालुका. मुलीला केराटोकोनस आहे, रिंग बसवली. धुरळणीच्या दिवसांत डोळे खाजतात, ती चोळते. चालेल का?

अजिबात नाही! डोळे चोळणं आणि हा आजार यांची जोडी जुनी आहे. मुठीच्या सांध्यांनी करकचून चोळणारी मुलं मी ओळखतो; पापणीखालची काळी वर्तुळंच सांगतात. आधीच विरलेल्या काचेवर हा दाब पडत राहतो. आता तर आत रिंगही आहे.

पण ‘चोळू नकोस’ असं ओरडून काही होत नाही, खाज थांबवा. अ‍ॅलर्जीचे थेंब डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि नियमाने घाला. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे थेंब आणू नका. खाज आलीच तर मिटलेल्या पापणीवर थंड पाण्याची घडी ठेवा. गंधकाच्या धुरळणीच्या वेळी तिला बागेत पाठवूच नका, आणि छाटणीला जायचंच असेल तर कडा बंद असलेला गॉगल द्या. झोपेत पालथी पडून डोळा उशीवर दाबते का, तेही बघा.

दोन्ही डोळे एकदम करून घेऊ का? आणि तपासणीला येताना काय आणू?

मी एकेक करतो. एका डोळ्याची नजर स्थिरावायला दोन-तीन महिने लागतात. दुसऱ्याचं नंतर ठरवू. नवा चष्माही तोवर करू नका. येताना जुने चष्म्याचे कागद आणि असतील ते सगळे पेंटाकॅम आणा, चुरगळलेले असले तरी. लेन्स वापरत असाल तर सॉफ्ट निदान आठवडाभर आणि सेमीसॉफ्ट दोन-तीन आठवडे आधी काढून ठेवा, नाहीतर लेन्सने दाबलेला आकारच यंत्रात उमटतो आणि तुमची नाशिकची खेप फुकट जाते.