रेसिंग सिम्युलेटरसाठी १ लाख ८० हजारांचं कर्ज: आधी फ्रेम, मग पेडल, व्हील शेवटी

प्रश्न: वय २७, जुळे सोलापुरात आईवडिलांसोबत राहतो. चिंचोळी एमआयडीसीत नोकरी, हातात पगार ३८,०००. घरी १७,००० देतो, बाइकचा हप्ता ३,२०० (अजून ९ बाकी), एसआयपी ३,०००, स्वतःचा खर्च ६,०००. बँकेत १,१०,००० शिल्लक आहेत. पीसीवर लॉजिटेक जी२९ हे स्टिअरिंग व्हील घेऊन ‘असेटो कोर्सा कॉम्पिटिझिओने’ हा कार रेसिंगचा गेम खेळतो. टायर झिजायला लागले तरी हाताला काहीच कळत नाही. ९ न्यूटन-मीटरचा (हे पिळण्याच्या जोराचं माप) डायरेक्ट ड्राइव्ह बेस, म्हणजे व्हीलला गिअरशिवाय थेट जोडलेली मोटर, व व्हील १,०५,०००, पायाचा दाब मोजणारे लोडसेल पेडल ३५,०००, ॲल्युमिनियमची रिग (सीट, व्हील, पेडल बसवायची फ्रेम) २८,०००, मॉनिटर स्टँड, केबल आणि वाहतूक १२,००० असं १,८०,००० चं कोटेशन आहे. १५ टक्क्यांनी २४ महिन्यांचं पर्सनल लोन मिळतंय. घेऊ का?

उत्तर: कर्ज घेऊ नका. यातल्या वस्तू मात्र घ्या, पण एकेक करून, आणि कोटेशनच्या उलट्या क्रमानं.

आधी हप्ता बघू. १,८०,००० ला १५ टक्क्यांनी २४ महिन्यांचा हप्ता सुमारे ८,७२८ रुपये बसतो. तुमचे सगळे खर्च वजा जाता महिन्याला ८,८०० उरतात. म्हणजे बाइकचे हप्ते संपेपर्यंत, पुढचे नऊ महिने, दरमहा ७२ रुपये शिल्लक. घरात एक आजारपण निघालं किंवा एक पगार लांबला, की आधी एसआयपी बंद पडेल आणि मग क्रेडिट कार्डाची थकबाकी सुरू होईल, जिचं व्याज वर्षाला ४० टक्क्यांच्या घरात जातं. परतफेड एकूण सुमारे २,०९,५०० ची, त्यात व्याज २९,५०० च्या आसपास. दुकानदार ‘नो कॉस्ट ईएमआय’ म्हणेल. तिथेही प्रोसेसिंग फी लागते, व्याजाच्या रकमेवरचा १८ टक्के जीएसटी तुम्हीच भरता, आणि रोखीवर मिळू शकणारी सूट जाते.

बँकेतले १,१०,००० मोडायचे नाहीत. तुमचा अटळ खर्च महिन्याला २६,२०० आहे, म्हणजे ही रक्कम जेमतेम चार महिने पुरते. ती अडीअडचणीसाठीच राहू द्या. आईवडिलांच्या आरोग्य विम्याचा तुम्ही उल्लेख केलेला नाही. तो नसेल तर सगळ्यात आधी तो घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या प्रीमियमवर जीएसटी नाही. बीपी किंवा शुगर असेल तर फॉर्मवर स्पष्ट लिहा. आधीपासूनच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, आणि ती मुदत पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजली जाते, म्हणून उशीर नको. यासाठी दरमहा २,५०० बाजूला काढा. छंदाला उरतात ६,३००. ही रक्कम कमी नाही.

आता मूळ दुखण्याकडे येऊ, कारण ९ न्यूटन-मीटरच्या बेसनं ते पूर्ण बरं होणार नाही.

टायर किती झिजला, किती तापला, पकड किती उरली, हा हिशेब गेम करतो. जी२९ वर आणि लाखाच्या बेसवर तो हिशेब एकच असतो. व्हीलपर्यंत पोचतो तो फक्त पुढच्या चाकांमुळे स्टिअरिंगवर येणारा जोर. वळणात टायर किंचित तिरका घासत चालतो, आणि बाजूचा जोर टायर जिथं जमिनीला टेकतो त्याच्या मध्यबिंदूच्या थोडा मागे लागतो. या अंतरामुळे चाक आपणहून सरळ व्हायला बघतं. हाताला जड लागतं ते मुख्यतः यामुळे. टायर पकडीच्या टोकाला पोचायला लागला की हे अंतर घटतं आणि पकड सुटण्याच्या थोडं आधीच स्टिअरिंग हलकं पडतं. झिजलेल्या किंवा फार तापलेल्या टायरवर हा हलकेपणा लवकर येतो. तुम्ही शोधताय ती खूण हीच.

जी२९ ची मोटर साधारण २.२ न्यूटन-मीटरची आणि गिअरवर चालणारी आहे. गेममध्ये गेन (व्हीलला किती जोर पाठवायचा ते सेटिंग) वर ठेवला की जोराचा वरचा भाग मोटरच्या मर्यादेवर कापला जातो. याला क्लिपिंग म्हणतात. भर वळणात व्हील एकसारखं जड राहतं आणि नेमका हलका होण्याचा क्षण त्या सपाट भागात गडप होतो. म्हणून आज संध्याकाळीच एक काम करा, त्याला एक रुपयाही लागत नाही. लॉजिटेकच्या सॉफ्टवेअरमध्ये सेंटरिंग स्प्रिंग (व्हील आपोआप मध्यावर आणणारा जोर) बंद करा, फिरण्याची मर्यादा ९०० अंश ठेवा आणि गेममध्येही तोच आकडा भरा. स्क्रीनवर फोर्स फीडबॅकची, म्हणजे व्हीलला जाणाऱ्या जोराची, पट्टी दिसू द्या. मोंझा ट्रॅकवर शेवटच्या लांब वळणात ती लाल होत असेल तर गेन पाच-पाच टक्क्यांनी उतरवत न्या, जोवर ती फक्त कर्बवर (ट्रॅकच्या उंचवट्याच्या कडेवर) गेल्यावरच लाल होत नाही. व्हील एकूण हलकं लागेल, पण चढउतार परत येतील. गिअरमधल्या फटीमुळे मध्यभागी व्हील मेल्यासारखं लागतं, त्यासाठी गेममधला मिनिमम फोर्स (कमीत कमी जोर) थोडा वाढवा. सरळ रस्त्यावर व्हील आपोआप थरथरू लागलं तर तो जास्त झाला.

टायरचा दाबही तपासा. या गेममध्ये कोरड्या ट्रॅकवर जीटी३ वर्गाच्या रेसिंग गाडीचे टायर तापल्यावर २६ ते २७ पीएसआयमध्ये हवेत. दाब चुकीचा असेल तर टायर पहिल्या लॅपपासूनच धड पकडत नाही, आणि मग झिजल्यावरचा फरक कळणार कसा? एका सलग तासाचा स्टिंट चालवा आणि शेवटी टायरच्या बाहेरच्या, मधल्या व आतल्या भागाचं तापमान बघा. बाहेरचा भाग आतल्यापेक्षा गरम असेल तर कॅम्बर (चाकाचा वरून आतल्या बाजूला झुकाव) कमी पडतोय किंवा तुम्ही वळणात स्टिअरिंग गरजेपेक्षा जास्त फिरवताय. दुसरं कारण जास्त वेळा सापडतं.

मागचे टायर झिजल्याचं मात्र कुठल्याही व्हीलवर थेट कळत नाही. खऱ्या गाडीत ते सीटमधून अंगाला कळतं. इथे ते डोळ्यांना आणि कानाला कळतं, आणि गाडीची शेपूट सुटल्यावर व्हील उलटं ओढलं जातं तेव्हा हाताला. यासाठी एक लाख मोजू नका.

टायर वाचवायचे असतील तर मला ब्रेक व्हीलपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. चाक जाम होऊन घासलं की टायरला एका जागी सपाट चट्टा पडतो आणि पुढे प्रत्येक फेऱ्याला थरथर येते. जी२९ चं ब्रेक पेडल किती सरकलं ते मोजतं, लोडसेल पायाचा दाब मोजतं. पायाला अंतरापेक्षा दाब जास्त नेमका लक्षात राहतो, त्यामुळे लॉकअप, म्हणजे चाक जाम होणं, कमी होतात. तुम्ही पीसीवर खेळता, म्हणून वेगळ्या यूएसबीवर लोडसेल पेडल जी२९ सोबतच चालतील. पण असं पेडल जोरात दाबलं की चाकांची खुर्ची मागे पळते आणि टेबल हलतं. म्हणून त्याच्याही आधी फ्रेम.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या फॅब्रिकेटरकडून फ्रेम वेल्ड करून घ्या. ४० बाय ४० मिलिमीटरचा, २ मिलिमीटर जाडीचा एमएस (साध्या पोलादाचा) चौकोनी पाइप सुमारे १२ मीटर लागेल, वजन साधारण २९ किलो. भंगारातून गाडीची सीट घ्या, सरकायच्या रेलसकट. पेडलची पाटी मुख्य पाइपलाच वेल्ड झालेली हवी, पुढे लोंबकळणारी नको. व्हीलची ५ मिलिमीटरची प्लेट मात्र बोल्टनं बसवायला सांगा, कारण पुढच्या बेसची भोकं वेगळ्या मापाची असतील. सगळे जोड आधी टाके मारून, सीटवर बसून माप बघून मगच पक्के करा, नाहीतर वेल्डिंगच्या उष्णतेनं फ्रेम पिळते आणि एक पाय अधांतरी राहतो. १२,६०० च्या आत बसवा.

हिशेब असा. पहिले दोन महिने साठवून फ्रेम. पुढचे सहा महिने, म्हणजे ३७,८००, त्यातून ३५,००० चे पेडल. नवव्या महिन्यात बाइकचा शेवटचा हप्ता जातो आणि दहाव्यापासून तुमच्या हातात ९,५०० राहतात. पेडलनंतर उरलेले धरून पंधराव्या महिन्याअखेर ६६,१०० जमतात. त्यातून ६५,००० ची मर्यादा घालून ५ ते ५.५ न्यूटन-मीटरचा डायरेक्ट ड्राइव्ह बेस व्हीलसह घ्या. गिअर नसल्यामुळे बारीक हालचाल स्वच्छ पोचते, आणि घट्ट फ्रेमवर एवढा जोर घरच्या वापराला पुरतो. एकूण खर्च १,१२,६००. कर्जाच्या वाटेपेक्षा सुमारे ९७,००० कमी, आणि एसआयपी चालूच.

दरम्यान सबस्क्रिप्शनवाल्या रेसिंग गेमचा मोह होईल. आयरेसिंग या अशा गेममध्ये मासिक वर्गणीशिवाय एकेक गाडी साधारण १२ डॉलरना आणि ट्रॅक १५ डॉलरना पडतो, त्यावर कार्डाचा परकी चलनाचा आकार. बेस येईपर्यंत आहे तो गेम पुरे.

बेस घेताना बिल जीएसटीचंच घ्या आणि दुरुस्तीसाठी तो कुठे पाठवावा लागेल हे लेखी विचारा. पुण्या-मुंबईला पाठवायचा झाला तर मूळ खोका लागतो, तो फेकू नका. खोलीतल्या थ्री-पिन सॉकेटचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. लोखंडी फ्रेम आणि कच्चं अर्थिंग असलं की भर रेसमध्ये यूएसबी तुटते आणि दोष बेसचा समजला जातो. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे जातो. मोटर तापली की बरेच बेस स्वतःहून जोर कमी करतात, तेव्हा बेसवर पंख्याचा वारा येऊ द्या.

नवा बेस महिनाभर नीट चालला की जी२९ विकायला काढा, त्याच्या मूळ पेडलसह पूर्ण सेट म्हणून. त्याआधी पेडलमधल्या पोटेन्शिओमीटरवर (पेडल किती सरकलं ते मोजणाऱ्या भागावर) काँटॅक्ट क्लीनर मारा. धुळीनं रीडिंग उड्या मारत असेल तर घेणारा तिथेच भाव पाडतो. आलेली रक्कम आईवडिलांच्या पॉलिसीच्या पुढच्या प्रीमियमला लावा.