गोळ्या आई द्यायची

प्रश्न : आई जाऊन दोन महिने झाले. बाबा ७४ वर्षांचे, साताऱ्यात एकटेच राहतात. बीपी आहे, साखर आहे. वजन पाच-सहा किलोंनी उतरलंय, पण पुण्याला यायचं नाव काढत नाहीत. आत्या म्हणते, ‘जोडीतलं एक गेलं की दुसरं फार दिवस राहत नाही.’ हे खरं असतं का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : आत्याबाईंचं निम्मं खरं आहे. इंग्लंडमध्ये पंचावन्न आणि त्यापुढच्या वयाच्या ४,४८६ विधुरांवर नऊ वर्षं लक्ष ठेवलं होतं. १९६९ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. पहिल्या सहा महिन्यांत २१३ जण गेले. त्याच वयाच्या, बायको हयात असलेल्या पुरुषांच्या मानाने ४० टक्के जास्त, आणि वाढ मुख्यतः हृदयविकाराची. पण पुढे हे प्रमाण हळूहळू उतरत इतरांच्या बरोबरीला आलं, हे आत्याबाई सांगत नाहीत.

दुःखाने रक्तदाब चढतो, झोप उडते, हे आहेच. पण मला दुसरंच सांगायचंय. माझी आई गेली तेव्हा मी स्वतः डॉक्टर, रोज संध्याकाळी वडिलांना फोन. ‘जेवलात?’ ‘हो.’ ‘गोळ्या?’ ‘हो हो.’ पहिल्या मासिकाला गेले आणि चहापत्ती शोधताना आईचा बोर्नव्हिटाचा जुना डबा हाताला लागला. आत बीपीच्या गोळ्यांची महिन्याची पाकिटं, एकही फोडलेली नाही. वडील ओशाळले. म्हणाले, ‘ती चहाआधी हातावर ठेवायची, मी गिळायचो. कुठली कशाची, मला काय माहीत?’ बीपी मोजलं, १९०/११०. चाळीस वर्षं बँकेत दुसऱ्यांचे हिशेब पाहिलेला माणूस!

नवरा गेल्यावर बायकांनाही धोका असतोच, पण बहुतेक पाहण्यांत पुरुषांना जास्त दिसतो. मला त्यात नवल वाटत नाही. घरातलं पथ्य, मीठ, डॉक्टरची तारीख, सगळं जिच्या डोक्यात असतं तीच गेलेली असते.

तर बाबांना याच आठवड्यात डॉक्टरांकडे न्या. उतरलेलं वजन दुःखाच्या खात्यावर टाकून मोकळं होऊ नका. साखर बेफाम वाढली तरी माणूस असाच वाळतो. उपाशीपोटी आणि तीन महिन्यांच्या सरासरीची, दोन्ही साखर तपासा. उलटंही होतं : जेवण निम्म्यावर आलंय आणि साखरेच्या गोळ्या पूर्वीच्याच मापाने चालू असतील, तर साखर एकदम खाली येऊन घाम सुटतो, हातपाय थरथरतात. तसं झालं तर लगेच साखरपाणी द्या. डोस बदलायचा तो मात्र डॉक्टरांनीच. छातीत दुखलं, दम लागला तर ‘गॅस असेल’ म्हणत सकाळपर्यंत थांबायचं नाही.

‘आता जगून काय करू’ असं बोलतात का? मग विषय बदलू नका, जीव द्यायचे विचार येतात का, सरळ विचारा. येत असतील तर त्यांना एकटं ठेवू नका, डॉक्टरांना लगेच सांगा. १४४१६ या टेलि-मानसच्या सरकारी नंबरवर फोन केला तरी चालेल.

पुण्याला येण्याचा आग्रह तूर्त सोडा. साताऱ्यात निदान पारावरचे मित्र आहेत. रविवारी जाल तेव्हा ‘गोळ्या घेता ना?’ विचारू नका. पाकिटं बाहेर काढून मोजा, आणि सात कप्प्यांची डबी घेऊन जा. पहिल्यांदा तुम्ही भरा, पुढच्या रविवारी त्यांच्याकडून भरून घ्या.