नामशेष, दुर्मीळ की संकटग्रस्त?

पाटण तालुक्यातल्या एका शिक्षिका बाईंचा प्रश्न आहे. मुलांच्या भित्तिपत्रकावर त्यांनी ‘जगातील नामशेष माकडे’ असा मथळा दिला. सहकाऱ्याने ‘नामशेष’ खोडून ‘दुर्मीळ’ केले. बरोबर काय? शिवाय मुले विचारतात, माकडे तर आमच्या भुईमुगाच्या शेंगा उपटून खातात, मग ती धोक्यात कशी?

बाई, खोडले ते योग्यच झाले, पण त्या जागी आलेला शब्दही बसत नाही.

‘नामशेष’ म्हणजे ज्याचे फक्त नाव शेष उरले आहे ते. दिवंगत माणसाला आपण ‘कीर्तिशेष’ म्हणतो, त्याच घडणीचा हा शब्द. ‘नामशेष होण्याच्या मार्गावर’ चालेल. श्वास घेणाऱ्या प्राण्याला नुसते ‘नामशेष’ म्हणू नये. शास्त्रज्ञ तर हा शब्द फार जपून वापरतात. घाना आणि आयव्हरी कोस्टच्या जंगलातले वॉल्ड्रनचे लाल कोलोबस माकड मांसासाठी इतके मारले गेले, की १९७८ नंतर ते त्यांना जिवंत दिसलेले नाही. तरीही त्याच्यापुढे ‘नामशेष’ असा शिक्का मारलेला नाही.

‘दुर्मीळ’ म्हणजे मिळायला अवघड. तो शब्द आजच्या आढळापुरता आहे, उद्याचे काही सांगत नाही. तुमच्या मुलांच्या प्रश्नाचे उत्तर इथेच आहे. आपल्याकडे काळ्या तोंडाचे, लांब शेपटीचे ते वानर आणि लालसर तोंडाचे ते माकड, हा भेद गावोगाव पाळतात. यातले शेंगा उपटणारे, डोक्यावर केसांची टोपी असलेले माकड (इंग्रजीत ‘बॉनेट मकाक’) फक्त दक्षिण भारतात आहे, जगात दुसरीकडे कुठेही नाही. ते दुर्मीळ नाही, पण आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या लाल यादीत ते ‘असुरक्षित’, म्हणजे धोक्याच्या पहिल्या पायरीवर आहे, कारण संख्या घटते आहे. रस्ते रुंद करताना दुतर्फा असलेले वड गेले, आणि त्यांवर राहणाऱ्या टोळ्यांचा निवारा व खाणे दोन्ही गेले. उत्तरेकडचे लाल माकड तापी-गोदावरी ओलांडून खाली सरकते आहे, त्याच्यापुढे याला माघार घ्यावी लागते. शेंगांचे नुकसान खरे आहे, ते मुलांना नाकारू नका. शेतात दिसणारी टोळी म्हणजे सुखात असलेली टोळी नव्हे, एवढे मात्र सांगा.

मथळ्याला हवा तो शब्द ‘संकटग्रस्त’. ‘ग्रस्’ म्हणजे गिळणे. ग्रहणात चंद्र ग्रस्त होतो, पण संपत नाही, सुटूही शकतो. ही सुटकेची शक्यता ‘नामशेष’मध्ये नाही, म्हणून मला हा शब्द इतका मोलाचा वाटतो. याच सह्याद्रीच्या दक्षिण टोकाकडे, कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत, सिंहपुच्छ माकड आहे. ते बहुतेक झाडांच्या शेंड्यांवर जगते. चहा-कॉफीचे मळे, रस्ते आणि धरणे यांनी रानाचे तुकडे पडले, की एका तुकड्यातली टोळी दुसऱ्यात पोचत नाही आणि आहे तिथेच आक्रसत जाते. केरळात सायलेंट व्हॅलीतले धरण लोकांनी अडवले, १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले, तेव्हा या माकडाचे नाव घरोघर पोचले.

आणि एक शब्द आपल्या मातीतला. ‘औषधाला उरलं नाही’ सगळेच म्हणतात. शेतकरी म्हणतो, ‘बियाला राहिलं न्हाई’. जोंधळ्याची चांगली कणसं बियाला राखतात, कितीही ओढ लागली तरी ती दळत नाहीत. ब्राझीलच्या किनारी जंगलातले सोनेरी सिंह-टॅमरिन हे चिमुकले माकड असेच बियाला राहिले होते. १९७०च्या सुमारास रानात जेमतेम दोनशे उरल्याचा अंदाज होता. जंगल तोडलेले, पिल्ले पाळायला धरून नेलेली. मग प्राणिसंग्रहालयांत वाढलेली माकडे १९८४ पासून रानात सोडली, तुटलेल्या जंगलांना झाडांच्या पट्ट्यांनी जोडले. २००३ मध्ये ते ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’मध्ये आले, आज हजारोंनी आहे. राखलेले बी पेरले, ते उगवले.

तेव्हा बाई, मथळा ‘जगातील संकटग्रस्त माकडे’ असा करा आणि आपल्या माकडाच्या चित्राखाली ‘असुरक्षित’ लिहा. ‘बियाला राखणे’ म्हणजे काय, हे मुलांना घरी आजीला विचारून यायला सांगा. पाटणच्या घरांत ते सांगणारी माणसे अजून आहेत.